खिशांतील नाणें आणि डोळ्यांतील पारख

गेल्या वर्षापासून आमच्या वरच्या वर्गांतील मुलांस एक नवा नाद लागला आहे. मधल्या सुटींत खाऊ घेऊन उरलेली मोड तळहातावर पसरावयाची, आणि एखाद्या नाण्यावर छाप सरकलेली अथवा अर्धवट दिसली कीं, ‘टांकसाळीची चूक सांपडली!’ म्हणून आरोळी ठोकावयाची. हा नाद शाळेनें बंद करावा, असें कित्येक पालकांनीं आम्हांस सुचविलें आहे. त्यांचें भय निराधार नाहीं. परंतु त्यांचा उपाय आम्हांस मान्य नाहीं. त्याचीं कारणें येथें थोडक्यांत मांडतों.

प्रथम भयाविषयीं. नववींतील एका विद्यार्थ्यास पांच रुपयांचें एक नाणें मिळालें. त्यावर आंकड्यापासून कडेपर्यंत एक रेघ गेलेली होती. मोबाईलवर भेटलेल्या कोणा अनोळखी इसमानें त्याचे दोन लक्ष रुपये देऊं केले. अट इतकीच कीं, ‘नोंदणी’ म्हणून दीड हजार रुपये आधीं पाठवावे. मुलानें शिकवणीचें निमित्त सांगून आईजवळ पैसे मागितले, आणि घरोघरीं पोळ्या लाटणाऱ्या त्या माउलीनें ते दिलेही. पैसे पाठविण्यापूर्वीं तो नाणें दाखविण्यास आमच्याकडे आला, हें सुदैव. आम्हीं त्याच्या हातीं भिंग दिलें व विचारलें, “रेघ उंच आहे कीं खोल?” “खोल,” तो म्हणाला. म्हणजे तो साधा ओरखडा होता.

त्या मुलास हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. तरुणपणीं आम्हीही एका विक्रेत्याकडून हातोडीनें चेपलेलें नाणें दुर्मिळ समजून विकत घेतलें होतें. दोघांचाही दोष एकच. नाण्याची किंमत किती, हें आम्हीं आधीं विचारलें. तें असें कां झालें, हें विचारलेंच नाहीं.

नाणें कसें घडतें हें ठाऊक असल्याखेरीज तें कोठें बिघडलें हें कळणार कसें? धातूच्या लांब पट्टींतून प्रथम गोल, कोऱ्या चकत्या कापतात. नंतर त्यांच्या कडा दाबून किंचित् उंच करितात. शेवटीं चकती दोन पोलादी ठशांमध्यें ठेवून जोरानें दाबतात, तेव्हां दोन्ही अंगांस एकदम छाप उमटते. यांतील प्रत्येक पायरीवर चूक होऊं शकते, आणि प्रत्येक चूक आपली खूण मागें ठेविते. पट्टी पुरती पुढें सरकली नाहीं, तर नवी चकती आधींच्या भोंकावर जाऊन कापली जाते, व नाण्याचा एक भाग चंद्रकोरीसारखा तुटलेला दिसतो. अशा खऱ्या नाण्यावर तुटीच्या अगदीं समोरची कडही बहुधा पुसट असते. कोणी कानशीनें घासलेल्या नाण्याची समोरची कड मात्र ठसठशीत राहते. ठशास तडा गेला, तर त्या भेगेंत धातु शिरून नाण्यावर उंच रेघ उठते. आधींचें नाणें ठशालाच चिकटून राहिलें, तर पुढच्या चकतीच्या एका अंगास सुलट छाप व दुसऱ्या अंगास तीच छाप उलटी आणि खोलगट अशी उमटते.

जें चूक नाहीं, तेंही ओळखतां आलें पाहिजे. आपल्या नाण्यांवर वर्षाखालीं टांकसाळीची खूण असते. मुंबईची खूण पत्त्यांतील चौकटच्या आकाराची, हैदराबादची तारा, नॉयडाची वाटोळा ठिपका. कोलकात्याची खूणच नसते. खूण दिसली नाहीं म्हणून चूक सांपडली असें सांगणारा मुलगा कोलकात्याच्या कारागिरांवर विनाकारण आळ घेतो. तीच गोष्ट दहा रुपयांच्या नाण्याची. निरनिराळे नमुने पाहून लोक तीं नाणीं खोटीं समजूं लागले, तेव्हां तोंवर निघालेले सर्व १४ नमुने कायदेशीर आहेत, असें रिझर्व्ह बँकेस जानेवारी २०१८ मध्यें जाहीर करावें लागलें.

खरी चूक ओळखण्यास काय लागतें, याचें चांगलें उदाहरण ब्रिटनमधील आहे. तेथें २००८ सालीं वीस पेन्सच्या नाण्याचा नमुना बदलला. पूर्वीं मागील बाजूस असणारें वर्ष नव्या नमुन्यांत राणीच्या मुखाच्या बाजूस घ्यावयाचें होतें. परंतु कांहीं नाण्यांवर मुखाचा जुना ठसा व मागील बाजूचा नवा ठसा वापरला गेला. साहजिकच दोहोंपैकीं एकाही बाजूस वर्ष उमटलें नाहीं. अशीं हजारों नाणीं लोकांच्या खिशांतून फिरलीं. वर्ष कोठें असावयास हवें हें ज्यांस ठाऊक होतें, त्यांसच तें नाहीं हें दिसलें.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, मुलांचा नाद मोडूं नये. त्यास शिस्त लावावी. मूल नाणें घेऊन आलें कीं पालकांनीं एकच प्रश्न विचारावा: “ही चूक कोणत्या पायरीवर झाली?” उत्तर देतां आलें, तर तें नाणें कागदांत गुंडाळून, न घासतां, न धुतां, खुशाल जपून ठेवूं द्यावें. देतां आलें नाहीं, तर तें भाजीवाल्याकडे पुऱ्या किंमतीनें परत जावें. विक्रीसाठीं आधीं पैसे मागणाऱ्यास मात्र एक पैही देऊं नये. अशा व्यवहारांशीं आपला संबंध नाहीं, व त्यांसाठीं आपण कोणाकडून शुल्क अथवा दलाली घेत नाहीं, असें रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२१ मध्यें स्पष्ट केलें आहे.

त्या विद्यार्थ्यानें त्याच सायंकाळीं दीड हजार रुपये आईस परत केले व खरी हकीकत सांगितली. आईनें त्यास रागें भरलें नाहीं. मात्र तें नाणें दुसऱ्या दिवशीं बसभाड्यास द्यावयास लावलें. आतां तो खालच्या वर्गांतील मुलांस उंच रेघ व खोल रेघ यांतील भेद समजावून सांगत असतो. पालकांनींही घरीं एकदां भिंग घेऊन मुलाशेजारीं बसावें, अशी आमची त्यांस विनंती आहे.