टाकीतला पीएच सकाळी परत मोजा

ड्रीपने सोडायचं खत आदल्या रात्रीच कालवून ठेवायची सवय बऱ्याच जणांना आहे. मीही तेच करायचो. बोअरच्या पाण्यात ॲसिड टाकून पीएच ६ वर आणला, त्यातच १२:६१:०० मिसळलं. सकाळी बघतो तर पीएच ७ च्या पुढे आणि तळाला पांढरा गाळ! आधी मीटरला शिव्या घातल्या, मग खताला.

खरं कारण पाण्यातलं बायकार्बोनेट. ॲसिड पडलं की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. तो पाण्यात असेपर्यंत पीएच कमी दिसतो, उडून गेला की परत चढतो. मग पाण्यातलं कॅल्शियम आणि खतातलं फॉस्फरस एकमेकांना धरून खाली बसतात. पिकाला काय मिळणार?

माझं मत स्पष्ट आहे: नुसत्या मीटरवर विसंबू नका, पाणी तपासून बायकार्बोनेट किती ते बघा. आधी पाण्यात ॲसिड टाका (ॲसिडवर पाणी कधीच नाही), ढवळा, थांबा, परत मोजा. ५.५ ते ६.५ मध्ये टिकला तरच खत टाका आणि त्याच दिवशी सोडा. कॅल्शियम नायट्रेटची टाकी वेगळीच ठेवा.

तुंबलेले ड्रीपर बदलत बसण्यापेक्षा पाण्याची तपासणी स्वस्त पडते. तुमच्या बोअरचा रिपोर्ट काय सांगतो?