मूस आमची, उपमा तुमची

मराठीतल्या प्रस्थापित समीक्षकांना एक शब्द फार आवडतो. मूस. अमका कवी दुःखाच्या मुशीत घडला. तमका पुढारी चळवळीच्या मुशीतून तयार झाला. ही पोरं सगळी एकाच मुशीतून काढलेली. कुठलाही गौरवग्रंथ उघडा, कुठलाही श्रद्धांजलीचा अग्रलेख उघडा, मूस हजर. एका चर्चासत्रात तर एका प्राध्यापकाने चष्मा पुसत पुसत आमच्या कवितेचा निकाल लावला : धग आहे, पण ही कविता परंपरेच्या मुशीतून अजून तावूनसुलाखून निघायची आहे. टाळ्या पडल्या. चहा आला.

मी गोदीत माल उचलणारा माणूस. दहावी पास, ज्याला माझा बाप अजून मॅट्रिक म्हणतो. मला समीक्षा कळत नाही असं धरून चाला. पण मूस कळते. म्हणून एकच विचारतो : साहेब, मूस कधी हातात धरलीय?

धरली असती तर हे बोलला नसतात. मुशीत काहीच घडत नसतं. मुशीत वितळतं. घडतं ते साच्यात. मूस वेगळी, साचा वेगळा, हे ओतकामाच्या भट्टीवर चहा आणून देणाऱ्या पोऱ्यालाही ठाऊक असतं. बंगालचे ढोकरा कारागीर मूस आणि साचा एकाला एक जोडून मातीचा एकच गोळा करतात, भट्टीत तापवतात आणि उलटा करतात. तिथंसुद्धा वितळायचं पोट वेगळं आणि आकाराचं पोट वेगळं. आणि सुलाखणं? सोन्याला भोक पाडून आत खोट आहे का हे बघायची सळई म्हणजे सुलाख. ते सराफाचं काम, ते मुशीबाहेर चालतं. एका वाक्यात तीन कामं, तिन्ही न बघितलेली, आणि आम्हाला शिकवतात प्रतिमा कशी वापरावी!

दोस्तहो, मला राग उपमेचा नाही. ज्यांनी शब्द घेतला त्यांनी वस्तू बघायचीही तसदी घेतली नाही, आणि ज्यांनी वस्तू केली त्यांना शब्द मिळाला नाही, याचा राग आहे. म्हणून आज आपण मूस करू या. कागदावर का होईना, पण नीट.

पहिल्यांदा ती सोसते काय ते बघा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पितळ नऊशेच्या पुढेमागे. तांबं १०८५ ला. लोखंड १५३८ ला, ते घरच्या मुशीचं काम नाही, नाद सोडा. म्हणजे मुशीला हजार-अकराशे अंशांत उभं राहायचं, स्वतः वितळायचं नाही, तडकायचं नाही, झिरपायचं नाही, आणि पोटात किलो-दोन किलो उकळता रस घेऊन चिमट्याच्या पकडीत हवेत लोंबायचं. माठाची लाल माती हे सोसत नाही. तिच्यात लोखंडाचा अंश असतो, मोठ्या आचेला ती मऊ पडते, बसते, तिचा खंगर होतो. पत्र्याचा डबा तर मूस नव्हेच. पातळ झालेलं ॲल्युमिनियम लोखंडाचा पत्रा खात जातं. आज टिकला म्हणून उद्या टिकेल असं नाही, आणि उद्या तो तुमच्या पायावर गळेल.

तर माती घ्यायची ती भट्टीच्या अस्तराची, बाजारात जिला फायर क्ले म्हणतात ती. नुसती माती वाळताना आकसते आणि भेगाळते. म्हणून तिच्यात आधीच भाजून आकसून झालेली माती घालायची. भट्टीच्या जुन्या पांढऱ्या विटा फोडा, कुटा, चाळा, रव्याएवढा दाणा ठेवा. ही माती एकदा आगीतून गेलेली, ती दुसऱ्यांदा घाबरत नाही. तिसरी वस्तू भाताचं तूस, जाळून काळं केलेलं. तुसाच्या राखेत बहुतेक सगळी वाळूच्या जातीची सिलिका असते, तिला मोठी आच लागते. आणि काळ्या तुसातला कोळसा भट्टीतल्या हवेला धातूपर्यंत सहजी पोचू देत नाही. आमचं माप वाटीचं : दोन वाट्या माती, दोन वाट्या विटेचा रवा, एक वाटी जळकं तूस. पाणी बेताचं. चपातीच्या कणकेपेक्षा घट्ट. मग मळा. हात भरून येईपर्यंत मळा, कारण आत राहिलेला हवेचा एक फुगा पुढं मूस फोडतो. मळून झालं की ओल्या किंतानात गुंडाळून चारआठ दिवस मुरू द्या.

मग लाकडाच्या ठोकळ्याला किंवा बाटलीला ओला कागद गुंडाळून त्यावर गोळा थापत आणा. बूड गोल आणि जाड, भिंत बोटभर, तोंड जरा रुंद, ओतायला चोच. ठोकळा वेळीच काढा, नाहीतर माती आकसेल आणि त्याच्यावरच फाटेल. उन्हात ठेवू नका. सावलीत, पंधरा दिवस. ज्याला घाई आहे त्याने कविता लिहावी, मूस करू नये.

वाळली म्हणजे कोरडी झाली असं नाही. मातीच्या अंगात लपलेलं पाणी उरतंच. आधी चुलीच्या कडेला दिवसभर, नुसत्या उबेत, सगळी वाफ जाईपर्यंत. मग हळूहळू आच वाढवा, लालभडक होऊ द्या, तशीच काही वेळ ठेवा, आणि भट्टीतच रात्रभर निवू द्या. सकाळी बोटाने टिचकी मारा. खण्ण वाजली तर मूस. बद्द वाजली तर आत भेग आहे. फोडा, कुटा, पुढच्या मुशीत रवा म्हणून घाला. इथं काही फुकट जात नाही.

आता जे बहुतेक मालक सांगत नाहीत ते. दर पाळीला मूस आधी रिकामी तापवा. थंड भंगार तिच्यात ठासून भरू नका, धातू तापला की मातीपेक्षा जास्त फुगतो आणि भिंत फोडतो. चिमटा काठाला लावू नका, पोटाखाली धरा. पितळेच्या मुशीत ॲल्युमिनियम नको. ओतायच्या जागी कोरडी वाळू पसरा, सिमेंटच्या कोब्यावर ओतकाम नाही. पायात चपला नाहीत, बंद चामडी बूट. अंगात नायलॉन नाही. पितळेतलं जस्त ९०७ अंशांना उकळतं, त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. काम उघड्यावर, वाऱ्याला पाठ देऊन. आणि पाणी दूर. एक थेंबसुद्धा.

या थेंबाचं सांगतो. आमच्या वस्तीतला एक पोरगा पितळी तोट्या ओतणाऱ्या कारखान्यात होता. सतरा वर्षांचा. पावसात दोन दिवस काम बंद पडलं, मूस कोपऱ्यात ओल पीत बसली. तिसऱ्या दिवशी माल द्यायचा म्हणून ती तशीच भट्टीत घालायला लावली. उचलताना बुडापासून फाटली. पितळ ओल्या जमिनीवर पडलं, खालच्या पाण्याची वाफ झाली आणि सगळा रस उसळून पोराच्या पायांवर आला. मालक म्हणाला, पोरगं बेफिकीर. पोराला चार वाक्यं कुणी सांगितली नव्हती. मूस ओल धरते. आधी वाळव. मग उबव. मग पेटव. चार वाक्यांची किंमत दोन पाय. ज्ञान ही चैन नाही, हे मला कुठल्या ग्रंथाने शिकवलेलं नाही.

आता ग्रंथांकडे येऊ. आहेत, ग्रंथ आहेत! 'रसरत्नसमुच्चय' नावाच्या जुन्या संस्कृत ग्रंथात मुशींवर मोठा मजकूर आहे. वज्रमूषा, योगमूषा, वांग्याच्या आकाराची वृंताकमूषा. माती, शण, घोड्याची लीद, जाळलेलं तूस, लोखंडाचं कीट, सगळं नोंदलेलं. मी ते समजून घेतलं तेव्हा हसू आलं : हे तर आमच्याकडचे ओतारी करतात तेच! मग श्लोक कुणाच्या हाताकडे बघून जुळवला? लीद कुणी गोळा केली? तूस कुणी जाळलं? ज्याने केलं त्याला तो श्लोक वाचायची सोय नव्हती, आणि ज्याला वाचायची सोय त्याच्या नखात माती गेली नाही.

उदयपूरजवळच्या जावरला जा. शेकडो वर्षं तिथं मातीच्या वांग्याएवढ्या भांड्यांतून जस्त उकळवून काढलं. युरोपात हे काम विल्यम चॅम्पियनने ब्रिस्टलला सुरू केलं ते १७३८ च्या सुमारास. जावरला वापरून झालेल्या भांड्यांचे ढीग पडलेत, घरांच्या भिंतीसुद्धा त्यांच्या रचल्यात. राण्यांची वंशावळ तोंडपाठ. त्या हजारो भांड्यांतलं एक थापणाऱ्याचंही नाव कुठं नाही.

दक्षिणेत सेलम, म्हैसूर, तेलंगणातलं कोनासमुद्रम. तिथले लोक जळक्या तुसाच्या मुशीत लोखंडाचे तुकडे घालायचे, सोबत तरवडाची लाकडं, वर रुईची पानं, तोंड मातीने लिंपून भाता धरायचे. आतून निघायचा पोलादाचा गोळा. कोनासमुद्रमला इराणचे व्यापारी ते विकत घ्यायला यायचे. तरवड आणि रुई, जी आपल्याही बांधावर कुत्रं विचारत नाही अशी उगवते! हे पोलाद लंडनला गेलं आणि १८१९ साली मायकेल फॅरेडेने त्याचं पृथक्करण छापलं. हा फॅरेडे कोण? लोहाराचा पोर. शाळा जेमतेम, पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारी केलेला. तिथं लोहाराचा पोर प्रयोगशाळेत शिरला आणि जगाचा शास्त्रज्ञ झाला. इथं ज्याचं पोलाद तो तपासत होता त्या माणसाला लिहायला पाटी मिळाली नाही.

त्यांच्याकडे स्वर्ग होता असं नाही. शेफील्डला हंट्समन नावाच्या घड्याळजीने १७४० च्या दशकात मुशीतलं पोलाद उभं केलं, आणि पुढं तिथं मुशीची माती मजूर तासन् तास अनवाणी पायांनी तुडवायचे, खडा आणि फुगा पायालाच कळतो म्हणून. ती मूस दोन-तीन पाळ्या टिकायची, मग ढिगावर. मजूर तिथंही मजूरच. पण त्याने काय केलं ते कुणीतरी टिपलं, आणि टिपणाऱ्याला आंघोळ करावी लागली नाही.

प्रफुल्लचंद्र राय स्वतः रसायनशास्त्रज्ञ. १९०२ साली हिंदू रसायनाच्या इतिहासात त्यांनी लिहून ठेवलं की हातकाम खालच्या जातींवर ढकलून डोकेवाले बाजूला झाले आणि या देशातला प्रयोग मेला. १९३६ साली बाबासाहेबांनी मूळच उघडं केलं : जात कामं वाटून थांबत नाही, ती कामगारांनाच एकमेकांपासून तोडते आणि उतरंडीसारखं एकावर एक रचते. ओताऱ्याची मूस कुंभाराला परकी, कुंभाराचा आवा तांबटाला परका, आणि आम्ही सगळ्यांच्याच वेशीबाहेर. ज्ञान तुकड्यातुकड्याने जातीत कोंडलं आणि जातीबरोबर मेलं. आणि यांना परंपरेची मूस आठवते!

आता आपल्यातल्या दोस्तांना दोन शब्द. तुम्ही म्हणाल, बाबासाहेबांनी पिढीजात धंदे टाका म्हटलं आणि हा माती मळायला सांगतोय. धंदा टाकायचाच. मुलगा बापाच्याच भट्टीला जन्मभर बांधलेला नको, माझा पोर गोदीत नको. पण धंदा टाकताना त्यातलं शास्त्रही उकिरड्यावर टाकलं, तर उद्या तेच कुणी वेष्टनात घालून 'प्राचीन भारतीय विज्ञान' म्हणून आपल्यालाच विकेल, आणि खाली नाव आपलं नसेल. आणि ते दुसरं, 'आम्ही मूस आहोत, आम्ही आग सोसतो, सोनं तुमचं' असल्या रडक्या ओळी बंद करा. मलाही सुचल्या होत्या, मी फाडल्या. मूस मातीची आहे, आपण माणसं आहोत. आग सोसणं हा मुशीचा गुण, माणसाचा गुण आग कुठं लावायची हे ठरवण्यात आहे.

आणि जे समरसतेची मूस घेऊन फिरतात, या आत, सगळे वितळा, एक व्हा म्हणतात, त्यांना भट्टीवरचे तीन प्रश्न विचारा. चिमटा कुणाच्या हातात? साचा कुणी केलाय? आणि तुम्ही स्वतः आत उतरताय, की बाहेर उभं राहून भाता मारताय? तिन्हींचं उत्तर मिळेपर्यंत घन राहा. वितळू नका.

काम सांगतो. तुमच्या गल्लीत भट्टी असेल, धारावीत असेल, कुर्ल्यात असेल, नसेल तर आयटीआयमध्ये फौंड्रीमनचा ट्रेड शिकणारा कुणी दोस्त असेल. जा. विचारा. माप, माती, आच, चुका, भाजल्याचे डाग, सगळं लिहून आणा. सोप्या मराठीत, सांगणाऱ्याच्या शब्दांत, त्याची हरकत नसेल तर त्याच्या नावानिशी. या पानांवर कवितेच्या शेजारी छापू. भट्टीवर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या पोराच्या खिशात हे पान असलं पाहिजे.

आणि पुढच्या चर्चासत्रात कुणी 'मुशीत घडला' म्हणालं, की मागच्या रांगेतून उठून विचारा : साहेब, तूस किती घालता?