पाणी : दंतकथेतले आणि कवितेतले

मलयाळम कवी कुमारन आशान (१८७३–१९२४) यांच्या परिचयात दोन प्रसंग हटकून येतात. पहिला चेन्नईतला. १९२२ साली, तेव्हाच्या मद्रासमध्ये, ब्रिटनच्या युवराजांच्या हस्ते त्यांना रेशमी वस्त्र आणि सुवर्णकंकण मिळाले. दुसरा पल्लना येथील जलमार्गावरचा. १६ जानेवारी १९२४ रोजी ‘रिडीमर’ ही बोट बुडाली आणि कवीला जलसमाधी मिळाली. पहिल्या प्रसंगावरून कवीच्या माथी राजनिष्ठेचा शिक्का बसतो. दुसऱ्याभोवती भाकिताचे वलय चढते. ‘वीणपूवु’ म्हणजे गळून पडलेले फूल. १९०७ सालच्या या काव्यात कवीने जणू स्वतःचाच अंत पाहिला होता!

हा तर्क टिकणारा नाही. त्या फुलानंतर आशान सोळा वर्षे जगले आणि लिहिते राहिले. १९०३ साली स्थापन झालेल्या श्रीनारायण धर्म परिपालन योगमचे ते पहिले चिटणीस होते. जातीने नाकारलेला समाज उभा करणे हे त्यांचे व्रत होते. अशा माणसाला मृत्यूचे वेध लागले होते असे म्हणणे म्हणजे त्याच्या कार्यावर पाणी सोडणे होय. मराठी वाचकाने या खोडीला हसू नये. बालकवींना १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली मृत्यू आला आणि त्यांच्या उदास कवितांत त्या अपघाताच्या पाऊलखुणा शोधण्याचा मोह आपल्यालाही आवरत नाही.

दंतकथा वाचकाला कवितेपर्यंत आणते, असा बचाव केला जातो. ती उंबरठ्यापर्यंत आणते खरी. पण पुष्कळदा तिथेच बसवून ठेवते. मद्रासच्या सन्मानाच्याच वर्षी आशान यांची ‘दुरवस्था’ आणि ‘चंडालभिक्षुकी’ ही काव्ये आली. पहिल्यात मलबारच्या उठावात निराधार झालेली नंबूदिरी सावित्री पुलय जातीच्या चात्तनला वरते. दुसऱ्यात बौद्ध भिक्षू आनंद विहिरीवरच्या चांडाळकन्येकडे पाणी मागतो. तिला आपली जात आठवते, त्याला फक्त तहान. पुढे पाचच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर हाच प्रश्न कवितेबाहेर उभा राहिला.

कंकणावरून कवीला राजनिष्ठ ठरवणाऱ्याने ही दोन काव्ये आधी वाचावीत. आशान पाण्यात बुडाले, हे पाठ्यपुस्तकाला ठाऊक असते. त्यांनी पाण्यावरचा कोणाचा हक्क मांडला, हे विद्यार्थ्याला ठाऊक नसेल, तर त्या परिचयाला साहित्याचा इतिहास म्हणता येणार नाही.