सुईनंतरचे दूध डेअरीवर कधीपासून?



पावसाळ्यात उदगीर-अहमदपूरपासून कंधार-मुखेडपर्यंत गोठ्यागोठ्यांत दगडी (कासदाह) सुरू होते. डॉक्टर येतात, मानेत अँटिबायोटिकची सुई देतात, सुजलेल्या सडात ट्यूब सोडतात. दूध कधीपासून घालायचे हे बहुधा तेही सांगत नाहीत आणि आपणही विचारत नाही. फार तर त्या एका सडाचे दूध सांडून देतात. उरलेल्या तीन सडांचे संध्याकाळी डेअरीवर जाते.

पण औषध एका सडात बसून राहत नाही. ते रक्तात उतरते आणि रक्तातून बाकीच्या सडांतही येऊ शकते. यकृत बऱ्याच औषधांची मोडतोड करते, मूत्रपिंडे ती लघवीवाटे बाहेर टाकतात. दुभत्या जनावरात मात्र आणखी एक वाट असते, कासेची. साधे पेनिसिलिन लवकर निघून जाते. ‘लाँग ॲक्टिंग’ ऑक्सिटेट्रासायक्लिन मुळात सुईच्या जागेवरून हळूहळू सुटावे म्हणूनच बनवलेले. डोस वाढवला किंवा जनावराचे यकृत-मूत्रपिंड थकलेले असले की दिवस आणखी लांबतात. उकळूनही सगळी औषधे जात नाहीत. अशा औषधामुळे विरजण लागले नाही की आपल्याकडे दोष मात्र भांड्याला!

जानेवारी २०१२ मध्ये केंद्राने औषध नियमांत दुरुस्ती करून औषध दिल्यावर दूध-मांस वापरण्याआधी थांबण्याचा काळ बाटलीवर छापणे सक्तीचे केले. तो ठरलेला नसेल तर दुधासाठी किमान ७ आणि मांसासाठी २८ दिवस. अक्षर मुंगीएवढे, बाटली डॉक्टरांच्या पेटीत. मालकाला कळणार कसे?

२०१८ च्या देशव्यापी तपासणीत ६,४३२ पैकी ७७ नमुन्यांतच मर्यादेपेक्षा जास्त अँटिबायोटिक निघाले, असे कोणी म्हणेल. ते नमुने ५० हजारांवर वस्तीच्या शहरांतले होते. हाळी-हंडरगुळीसारख्या गावातल्या पोराच्या पेल्यात एकाच म्हशीचे दूध असते, त्यात औषध पातळ व्हायला दुसरे दूध नसते.

शेतकऱ्याला नावे ठेवून भागणार नाही. आठवडाभर दूध सांडायचे तर पेंडीची उधारी कोण फेडणार? संकलन केंद्रे फॅट-एसएनएफ पाहून पैसा-पैसा कापतात. त्यांनी अँटिबायोटिक ओळखणाऱ्या पट्ट्याही ठेवाव्यात. मात्र नुसत्या पट्ट्या आणल्या तर लोक लपवायलाच शिकतील. म्हणून ‘सुई दिली आहे’ असे आपणहून सांगणाऱ्याला दूध संघांनी त्या दिवसांची निम्मी तरी भरपाई द्यावी. डॉक्टरांनी चिठ्ठीवर दूध घालण्याची तारीख लिहावी. आणि देवणी, लाल कंधारी सांभाळणाऱ्या या भागासाठी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने नेहमीच्या औषधांचा मराठी तक्ता ठळक अक्षरांत छापून यंदाच्या माळेगाव यात्रेत वाटावा.

— एक दूध उत्पादक, उदगीर (जि. लातूर)