मुंब्र्यात पगार वाढला, संपत्ती का नाही?

मुंबईतल्या बहुतेक वस्त्यांची एक रीत आहे. कमाई वाढली की माणूस बाहेर पडतो. लालबाग-परळच्या चाळीतला मुलगा इंजिनियर झाला, की डोंबिवलीत नाहीतर ठाण्यात ब्लॉक घेतो. मुंब्र्याला ही रीत लागू पडत नाही.

डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या दंगलींआधी मुंब्रा-कौसा हे आगरी, कोळी आणि कोकणी मुसलमानांचं खाडीकाठचं छोटं ठिकाण होतं. दंगलींनंतर मुंबईच्या मिश्र वस्त्यांमधून हजारो कुटुंबं इथे आली. घर स्वस्त होतं, लोकल होती आणि शेजारी आपले होते. मागोमाग कोकणातून, उत्तर प्रदेशातून माणसं येत राहिली. आज एकाच बिल्डिंगमध्ये रिक्षा चालवणारा, जरीकाम करणारा, आखातात नोकरीला असलेला आणि माझ्यासारखा कोड लिहिणारा राहतो. आम्हाला इतरत्र घर भाड्याने मिळवताना नाव सांगितल्यावर काय ऐकावं लागतं, ते वाचकांना नव्याने सांगायला नको.

हे मिश्रण चांगलंच आहे, असं माझं मत आहे. गरिबांच्या पोरांना जिन्यात डॉक्टर, सीए भेटतात. पण तीस वर्षांत आलेला पैसा गेला कुठे? टँकरच्या पाण्याला, इन्व्हर्टरला, खासगी शाळेच्या फीला गेला. आणि सगळ्यात जास्त गेला घरात. खरी गोम तिथेच आहे.

मागणी अचानक वाढली, तेव्हा परवानग्यांची वाट कुणी पाहिली नाही. अनेक इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी नाही. ओसी नाही, तर बँक कर्ज द्यायला तयार होत नाही. (व्याजाचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवा. ज्याला कर्ज नको आहे, त्यालाही उद्या घर विकायला गिऱ्हाईक लागतंच, आणि त्या गिऱ्हाईकाला बहुधा कर्ज लागतं.) म्हणून व्यवहार रोखीत होतो, कधी नुसत्या नोटरीवर होतो आणि भाव दबलेला राहतो. सोसायटी नोंदवलेली नसते, जमीन बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर राहते. अब्बांनी दुबईत वीस वर्षं घाम गाळून घेतलेला फ्लॅट मुलाच्या शिक्षणासाठी तारणही ठेवता येत नाही. दुसऱ्या उपनगरात तेवढ्याच पगाराचा माणूस त्याच वीस वर्षांत घराच्या जोरावर पुढे सरकलेला असतो.

शिळफाट्याच्या लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत 4 एप्रिल 2013 ला कोसळली, त्यात 74 जीव गेले. कच्च्या कागदाची ती सगळ्यात भयंकर किंमत होती. बाकीची किंमत आपण रोज थोडी थोडी मोजतो, म्हणून ती बातमी होत नाही.

सरकारी आकड्यांत हे शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही. आपली जनगणना उत्पन्न विचारत नाही. शिवाय मुंब्रा हा ठाणे महापालिकेचा भाग, त्यामुळे 2011 च्या ठाण्याच्या 18.41 लाख लोकसंख्येत तो विरघळून जातो. घोडबंदर रोडचे टॉवर आणि कौशाच्या गल्ल्या यांची सरासरी काढली की दोन्ही दिसेनासे होतात. आकड्यांशी रोज खेळणारा माणूस म्हणून सांगतो, सरासरीइतकी फसवी गोष्ट क्वचितच असेल.

महापालिकेचा पक्षपात, बिल्डर आणि पुढाऱ्यांचं साटंलोटं, हे सगळं खरं आहे आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण आपल्यातले शिकलेले लोक सोसायटीच्या मीटिंगला येत नाहीत, हेही तितकंच खरं आहे. मंजूर नकाशा माहिती अधिकारात मागवणं, सोसायटी नोंदवणं, मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करणं, स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं, ही कंटाळवाणी कामं आहेत. प्रत्येक बिल्डिंगमध्ये ती करू शकणारे दोन-तीन पदवीधर आज नक्की आहेत. 1993 मध्ये ते नव्हते. ठाण्यात क्लस्टर पुनर्विकास आला आहे. आपल्या गल्लीपर्यंत तो पोहोचेल, तेव्हा कोण पात्र आणि कोण अपात्र हे कागद बघूनच ठरेल. तुमच्या बिल्डिंगची फाईल कुणाकडे आहे, हे या रविवारी खाली उतरून विचारा.