थमेनची दोरी

रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहिलेल्या मराठी माणसाला ब्रह्मी स्त्रीची पहिली ओळख होते ती राणी सुपयालतची. १८८५ साली राज्य गेले. पण ते राजा चालवी की राणी, हा वाद अजून मिटलेला नाही.

त्या देशाच्या रूढी ऐकून आपल्याकडील बायकांना हेवा वाटावा. तिकडे आडनाव नाही. लग्नानंतरही बाई आपलेच नाव चालविते. जुन्या धम्मथट्ट ग्रंथांप्रमाणे मुलीला मुलाच्या बरोबरीने वारसा, संसारात मिळविलेल्या मालमत्तेत बायकोचा वाटा, दोघांच्या संमतीने काडीमोड. बाजार तर बायकांच्याच हाती. इंग्रज लेखक यावर खूष होऊन लिहून गेले. देवळाची पायरी त्यांनी नीट पाहिली नसावी.

पुरुषाच्या ठिकाणी ‘फोन’ नावाचे तेज असते (आपल्या दूरध्वनीशी त्याचा संबंध नाही) अशी समजूत आहे. बाईच्या थमेनखालून, म्हणजे कमरेच्या वस्त्राखालून, गेल्यास ते ओसरते. म्हणून थमेन वेगळे धुवायचे, खाली वाळत घालायचे. मंडालेच्या महामुनीला सोन्याचा वर्ख पुरुषांनीच लावायचा. बायकांनी दुरून हात जोडायचे.

माझे वडील राजवाड्याच्या पदरी गवई. अडचणीच्या दिवसांत त्यांच्या तंबोऱ्याला हात लावायचा नाही, हा नियम आईच बहिणींकडून कडकपणे पाळून घेई. तेव्हा तिकडच्या आयांना हसण्याचा अधिकार मला नाही. माझ्या शिकवणीत आज तो नियम नाही. पण वडील होते तोवर मोडण्याचा धीर मला झाला नाही.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावली. मार्चमध्ये यांगूनच्या गल्ल्यांत आडव्या दोऱ्या बांधून त्यांवर थमेन टांगली गेली. शिपाई बंदुका घेऊन आले नि दोरीपाशी अडले; ती उतरविल्यावाचून पाऊल पुढे टाकवेना. तेवढ्यात पोरांना पांगायला सवड मिळे. युक्ती नामी खरी, पण तिचा सारा जोर शिपायाच्या समजुतीवर. ती समजूत गेली की दोरीही निकामी. म्हणून ज्या तरुणांनी तीच वस्त्रे डोक्याला गुंडाळून छायाचित्रे काढविली, त्यांचे मोल मी अधिक धरतो.

लष्करानेच केलेल्या २००८ च्या घटनेत, कलम ३५२ खाली, केवळ पुरुषांस योग्य अशा पदांची सोय आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा लागू झाला, त्यात मात्र १८ ते २७ वयाच्या मुलीही होत्या.