बेअरिंग मोजू नका, ब्रेक बघा

रविवारी सुट्टी मिळाली की मी बागबाजारला जातो. आधी गॅलिफ स्ट्रीटच्या बाजारात एक चक्कर. पक्षी, कुत्र्याची पिल्लं, काचेच्या पेटीतले रंगीत मासे, रोपं, सगळं रस्त्यावरच. मग घाट. 1742 साली नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाच्या धास्तीनं खणायला घेतलेला मराठा खंदक याच बाजूनं सुरू होत होता. खंदक कधीच बुजला, मराठा डिच लेन नावाची गल्ली तेवढी उरली. आता मराठा आला म्हणून कोणी दारं लावत नाही. गळ टाकून बसलेले काका थोडे सरकून पायरीवर जागा देतात.

गेल्या महिन्यात आमच्यातला मालवणकडचा एक पोरगा विचारत आला, "उस्ताद, एकच असं रीळ सांगा, इथं तळ्यावर चालेल आणि रजेवर गेलो की समुद्रालापण."

तसं रीळ नसतं. दुकानदार सांगतो, पण नसतं.

आमच्या देवगडच्या कातळावर तांबोशी किंवा गोबरा लागला, तर त्याला पहिल्या दोन-तीन हातांतच थोपवावं लागतं. तो दगडाच्या कपारीत शिरला की संपलं. तिथं 5000-6000 नंबरचं दणकट रीळ, घट्ट ब्रेक आणि मिठाला दाद न देणारी बांधणी लागते. इथल्या तिकिटाच्या तळ्यावर उलटं. रोहू, मृगळ आमिष उचलतात आणि चालू लागतात. त्या क्षणी तंगूस मोकळा सुटला नाही तर काठीच पाण्यात जाते. म्हणून तळ्यासाठी मागे वेगळा खटका असलेलं रीळ बरं. खटका टाकला की तंगूस सैल सुटतो, मूठ फिरवली की मुख्य ब्रेक लागतो. 4000 नंबर पुरे.

पण या दोन्हींत पैसा कशाला द्यायचा, तर ब्रेकला. खोक्यावर 'दहा बेअरिंग' छापलेलं असतं. भिकार दहापेक्षा चांगली चार बरी. बेअरिंगनं मूठ गुळगुळीत फिरते, दुकानात हातात घेतल्यावर छान वाटतं. मासा मात्र मूठ ओढत नाही, ब्रेक ओढतो.

हे मला पोस्टिंगच्या पहिल्याच हिवाळ्यात कळलं, तेही उशिरा. शहराबाहेरच्या तळ्यावर मोठा कटला लागला. तंगूस 8 किलोचा, माझ्या आवडीचा लाल. मासा सरळ पलीकडच्या काठाकडे निघाला. रीळ अर्ध्यावर आलं तसा मी घाबरलो आणि ब्रेक दोन फेरे आवळला. तंगूस तुटला. आजूबाजूच्यांनी हळहळ केली, मीपण नशिबाला बोल लावला. पुढच्या खेपेला त्याच तळ्यावर एका काकांनी कटला काढला. डोकं मोठं, अंग वाळलेलं. जबड्यात माझा गळ, त्याला हातभर लाल तंगूस. काकांनी पकडीनं गळ काढला आणि काही न बोलता माझ्या हातावर ठेवला.

नशिबाचा काही संबंध नव्हता. भरल्या रिळावर 2 किलोला सुटणारा ब्रेक, गुंडाळीचा व्यास निम्मा झाला की 4 किलोला सुटतो. ब्रेक तोच, पण तंगूस मध्याच्या जवळून ओढला जातो, म्हणून जोर दुप्पट लागतो. त्यात पाण्यातल्या लांब तंगूसचा ओढा आणि कमकुवत गाठ. म्हणजे मासा लांब गेला की ब्रेक सैल करायचा असतो. मी आवळला.

माझे वडील रिळाशिवाय गरवायचे. तर्जनीवरून तंगूस सोडायचे; मासा ओढू लागला की बोट सैल, थांबला की घट्ट. त्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं, बोट कापत होतं म्हणून कळत होतं. रिळानं आमचं बोट वाचवलं आणि कापायचं काम माशाकडे गेलं.

म्हणून ब्रेक पाण्यावर जाऊन अंदाजानं लावू नये. घरी तंगूसला ताणकाटा अडकवून ओढावा. तंगूसच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याला तो सुटला पाहिजे. 8 किलोला दोन-अडीच. आणि सुटताना झटके नकोत. झटके देणारं रीळ फुकट मिळालं तरी घेऊ नये.

निगा हत्यारासारखी. समुद्रावरून आल्यावर ब्रेक आवळून गोड्या पाण्याची हलकी धार मारावी. जोराचा फवारा मीठ आतच ढकलतो. वाळलं की ब्रेक पूर्ण सैल करून ठेवावं, नाहीतर आतल्या चकत्या दबून चिकटतात. बागबाजारला मिठाचा त्रास नाही, गाळाचा आहे. हुगळीला इथंही भरती-ओहोटी आहे, पाणी सदा गढूळ. तंगूस ज्या छोट्या चाकावरून वळतो त्यात बारीक रेती बसते, चाक फिरायचं थांबतं आणि तंगूस घासला जातो. काठावर सगळे 'हुइल' कुठल्या कंपनीचं ते विचारतात, ते चाक फिरतंय का हे क्वचितच कोणी बघतं.

पोरग्यानं शेवटी तळ्यापुरतं एक रीळ आणलं. बराकीच्या व्हरांड्यात खांबाला ताणकाटा बांधला आणि त्याला ओढायला लावलं. काटा दीडवर अडला, मग धाडकन तीनवर गेला, परत दीडवर आला. त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हटलं, पावती आहे ना? मग उद्याच परत कर.